पुढच्या तराफ्याचा मान

दोन उपग्रह जोडीनं उडवायचे म्हटलं की पहिला वाद इंधनाचा. आमच्या तरुण मंडळींनी आराखडा आणला: पुढचा आपला निवांत जाईल, अंतर राखण्याची सगळी धडपड मागच्यानं करायची. मी भर बैठकीत भडकलो. मागच्याचं इंधन आधी संपणार, मग जोडी कसली? म्हातारा उगाच तापला, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी प्राणहिता नदी पाहिलेली नाही.

पन्नासच्या दशकात माझे वडील अहेरीकडचं लाकूड नदीतून सिरोंच्याला तराफ्यांवर न्यायचे. पुढच्या तराफ्यावर मोठे बाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. हलका, नुसत्या बांबूंचा तराफा. मागे आमचा, सागाच्या ओंडक्यांचा. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होतो, दिवाळीच्या सुट्टीत मदतीला आलेला. थोरल्याच्या पुढे धाकट्यानं तराफा काढायचा नाही, ही आमच्या घरची रीत.

त्या खेपेला समोरून वारा होता. वाऱ्यानं बांबूचा तराफा रेंगाळायचा. आमचा साग पाण्यात बुडालेला, त्याला वारा काय करणार? तो धारेबरोबर पुढेच सरकायचा. मग वडील लांब बांबू तळाला रोवून, अंगाचा भार टाकून त्याला रोखून धरत. त्यांच्या अंगात हिवताप होता. मीही मागच्या टोकाला रेटत होतो, पण माझ्या कॉलेजी हातांचा जोर तो केवढा! मोठे बाबा पाठमोरे बसून बिडी ओढत होते.

"बा, जाऊ दे न पुढं. काऊन रोकून राह्यला?"

"भाऊ मोठे हायेत. पुढं नाई जाव लागत."

"मंग त्याहीले सांग, जरा जोर लावा म्हणा."

"त्याहीले का सांगाचं?" असं म्हणून वडलांनी पुन्हा बांबू रोवला.

दुपारी खडक आले. तिथे तराफा वळवायला खरा जोर लागतो, आणि वडलांचा सगळा जोर मागं राहण्यातच संपला होता. बांबू त्यांच्या हातातून निसटला. तराफा खडकावर आदळला, ओंडके बांधलेल्या वेली तुटल्या, ओंडके सुटले आणि वडील त्यांच्यामध्ये गेले. ते वर आलेच नाहीत. एका ओंडक्याला धरून मी ओरडत राहिलो. मोठ्या बाबांचा राग मला आजही येतो.

माझं ओरडणं ऐकून त्यांनी बिडी टाकली, तराफा वळवला आणि धारेच्या उलट रेटत माझ्यापर्यंत आणला. एकट्यानं, एका बांबूवर. एवढा जोर त्यांच्या अंगात सकाळपासून होता.