सुगंधाचे दहा डबे

गोडदेवातल्या सुगंधाला "होणार नाही" हे दोन शब्द ऐकवले की तिचं डोकं फिरतं. गावाला हे पक्कं ठाऊक आहे, तरी गाव ते ऐकवायचं काही सोडत नाही. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा सदू काविळीने गेला आणि मागे केबलची लाईन ठेवून गेला. म्हणजे गच्च्यांवरून गेलेल्या वायरी, गावच्या मंडळाच्या इमारतीत तळमजल्यावरची कंट्रोल रूम आणि ऐन मालिकेच्या वेळी चित्र गेलं म्हणून बोंब मारणारी शंभरेक घरं. बाईमाणसाला गच्च्या चढणं होणार नाही, असं तेव्हा झाडून सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण ती दापोलीकडची, माडावर चढणाऱ्या बापाची लेक. तिने साडीच्या आत सदूची पँट चढवली, कमरेला पक्कड खोचली आणि पंधरा दिवसांत गावातलं एकूण एक चित्र परत आणलं.

पुढे नेटवर चालणारे टीव्हीचे डबे आले. तेही तिनेच घरोघरी बसवले. मग एके दिवशी डबेवाली कंपनीच बंद पडली. डबा लावला की पडद्यावर एकच पाटी यायची, सेवा बंद झाली आहे. लोकांनी डबे आणून सुगंधाच्या दारात टाकले. प्रत्येकाच्या बुडाला तिने मार्करने घराचं नाव घातलेलं होतंच. वीज घेणारे त्यातले बारा निघाले.

लाईन मेली तशी मंडळाला कंट्रोल रूम आठवली. मंडळाचे अध्यक्ष धाकूकाका, म्हणजे सदूचे सख्खे चुलते. ते दारात येऊन म्हणाले, "सुगंधे, खोली आता खाली कर. पोरांना व्यायामशाळा कराची हाय."

"व्यायामशाळा कशाला? मी इथे पोरींसाठी टायपिंगची खोली काढतेय," सुगंधा म्हणाली. ही गोष्ट तिच्या मनात त्या क्षणापर्यंत नीट आलीसुद्धा नव्हती, पण तोंडातून गेली ती गेली.

त्यामागे तिची मुलगी होती. समिधा मराठी टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. पोरगी मंद नव्हती. जेसल पार्कच्या क्लासमध्ये पाऊण तास कीबोर्ड मिळायचा आणि घरी काहीच नाही. बोटं तयार होणार कशी? गोडदेवात अशा आणखी सात-आठ मुली होत्या. त्यांच्या घरात टीव्ही होता, फोन होते, पण कॉम्प्युटर एकीच्याही घरी नव्हता.

"आनि कॉम्प्युटर कुठून आननार?" काकांनी विचारलं.

सुगंधाने डब्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अगो, यो टीव्हीचा डबा हाय. कॉम्प्युटर न्हाय!"

"महिन्याभराने बैठक आहे ना? दहा कॉम्प्युटर चालवून दाखवते."

"दहाच्या दहा," काका म्हणाले. "एक जरी बंद ऱ्हायला तरी खोली मंडळाची."

सुगंधा बोलून तर बसली. आता करायचं काय, हे विचारायला ती शांती नगरला निकेतकडे गेली. निकेत सॉफ्टवेअरमधला, पूर्वी गोडदेवात भाड्याने राहायचा तेव्हाचा तिचा ग्राहक. त्याने डबा उलटापालटा करून पाहिला.

"आंटी, आत छोटा कॉम्प्युटरच असतो," तो म्हणाला. "कंपनीने त्याला फक्त टीव्ही दाखवायला शिकवलंय. आपण मेमरी कार्डावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम, टाकून त्याच्यावरून चालू करायचा. पण लिनक्स कॉम्प्युटरसाठी बनलंय, ह्याच्यासाठी नाही. चालेल न चालेल, गॅरंटी नाही."

"गॅरंटी मी कुठे मागितली?"

निकेतने ऑफिसातून काढून टाकलेले दहा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस मिळवून दिले आणि युक्तीही शिकवली. डब्याच्या मागे वायर खोचायचं एक गोल भोक असतं आणि त्याच्या आत, दिसणार नाही असं, एक बटण. कार्ड घालायचं, भोकात खराट्याची काडी सारून ते बटण दाबून धरायचं, मग वीज द्यायची आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. तेवढं केलं की डबा कंपनीचं ऐकायचं सोडतो आणि कार्डाचं ऐकतो. सुगंधाला ही गोष्ट फार म्हणजे फारच आवडली.

पहिले तीन डबे फटाफट चालले. पडद्यावर निळं मैदान आलं, बाण हलला, समिधाने धडाधडा स्वतःचं नाव टाईप केलं आणि मायलेकी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. मग पुढचे नऊ अडून बसले. निकेतने डोकं खाजवलं. डबे बाहेरून सारखे असले तरी आतले बोर्ड वेगवेगळे होते. ज्याला जी फाईल लागू पडते तीच कार्डात घालावी लागते, आणि अशा फायली साठेक होत्या. बोर्ड ओळखायला त्याने दोन डबे उघडून आतला चिकटवलेला पत्रा उचकटला, तर पत्र्याबरोबर चिपच निघून आली. जास्तीचे दोन होते ते गेले. उरले मोजून दहा.

"आंटी, सोडा. हे होणार नाही," निकेत म्हणाला.

झालं! त्याला चहा पाजून सुगंधाने वाटेला लावलं आणि लोखंडी कपाटातून तक्रारवही काढली. कुणाच्या घरचा डबा कधी आणि कशाने रुसला, ते सगळं तिच्या अक्षरात त्या वहीत होतं. म्हात्र्यांचा डबा दुपार झाली की तापतो. पाटलांकडे माणूस आधी ओठ हलवतो आणि बोलतो मागाहून. भोईरांचा वायफाय सोडतो. ती वाचत गेली तसं तिच्या लक्षात आलं की चाललेले तिन्ही डबे तापणाऱ्यांतलेच होते. म्हणजे ज्यांचं दुखणं एक, त्यांचा आतला बोर्डही एकच असणार. मग तिने जमिनीवर डब्यांच्या तीन रांगा मांडल्या: तापणारे, आवाजाने मागे पडणारे आणि वायफाय सोडणारे.

तापणारे आणखी दोन होते. त्यांना तिने पहिल्या तिघांचंच कार्ड दिलं आणि दोन्ही निमूट उठले. ज्याच्यापुढे इंजिनीअरने हात टेकले ते तिच्या वहीने करून दाखवलं! आनंदाने तिने समिधाच्या पाठीत असा धपाटा घातला की पोरगी कळवळली. बाकीच्या दोन रांगांतला एकेक डबा घेऊन ती रोज दुपारी फायली लावत बसली. लावायची, काडी सारायची, दहा मोजायची आणि पडदा काळा राहिला की एक कोकणी शिवी देऊन पुढची फाईल घ्यायची. आवाजवाल्यांची तेविसावी निघाली, वायफायवाल्यांची एकतिसावी. नऊ डबे चालू झाले.

दहावा धाकूकाकांच्या घरचा होता. वहीत त्यांच्या नावाने पान होतं, पण त्या पानावर एक ओळसुद्धा नव्हती. तिने तिन्ही कार्डं घालून पाहिली, दोन काड्या मोडल्या, तरी डबा दर वेळी कंपनीचीच पाटी दाखवायचा. असं करता करता बैठकीचा रविवार उजाडला.

सकाळी अकराला मंडळाची माणसं कंट्रोल रूममध्ये दाटीवाटीने उभी राहिली. बायका दारात होत्या. नऊ पडद्यांपुढे नऊ मुली टायपिंग करत होत्या आणि त्या टकटक आवाजाने सुगंधाला भरून येत होतं, पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दहाव्या पडद्यावर पाटी होती.

काकांनी बोटाने दाखवत पडदे मोजले. "नऊ. दहा ठरले व्हते. मंग खोली..."

"थांबा काका," सुगंधा मोठ्याने म्हणाली. "हा दहावा तुमच्या घरचा. ह्याला घरी काय व्हायचं?"

"काय न्हाय व्हायचं."

"सहा वर्षांत एकदाही बिघडला नाही? गावातल्या सगळ्यांचे डबे बिघडले, तुमचा नाही?"

"न्हाय बोल्लो ना!"

"खोटं कशाला बोलताव?" दारातून आवाज आला. काकांची बायको हौसाबाई बायकांना बाजूला सारत आत आली. "नातवानी वायर खेचली तवा मागचं भोक तुटलं व्हतं. जेसल पार्कचा मानूस आनून नवीन बसवून घेतलं. दोनदा आनला. सुगंधेला बोलावा बोल्ली तर मनाच वरडले, बायमानसाच्या हातून दुरुस्ती करून घेऊ काय म्हनून."

सुगंधाची कानशिलं तापली. तिने स्क्रू काढले आणि पत्र्याला धक्का न लावता डब्याचं झाकण उचललं. नवं भोक मागून बंद होतं. काडी कितीही सारली तरी बटणापर्यंत पोचतच नव्हती. म्हणजे डब्याने तिच्या कार्डाकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं! तिने बोर्डावरचं बटण थेट काडीच्या टोकाने दाबून धरलं आणि समिधाला वीज द्यायला सांगितली. दहापर्यंत तिने मोठ्याने मोजलं.

पहिलं कार्ड चाललं नाही. दुसरं घातलं. पुन्हा दहा आकडे. पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं धावली आणि निळं मैदान आलं. हौसाबाईने टाळी वाजवली तशी सगळ्या बायकांनी वाजवली.

"ऱ्हाऊ दे खोली तिच्याकडं," काका चिटणिसाला म्हणाले. माणसं पांगली. काका मात्र दाराशी घोटाळत राहिले. मग खाली बघत पुटपुटले, "सुनबाय, राग नको धरू. यो बाप्यामानसांचा धंदा. मना वाटलं, तुला कुठं जमनार हाय?"

सुगंधा झाकणाचे स्क्रू आवळत होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, अख्ख्या गावाची वायर तुमच्या गच्चीवरून जाते," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी तुमच्याच जिन्याने वर चढत होते."