दोन पहारेकऱ्यांचा लॅपटॉप

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कुलपं-किल्ल्यांचं एक दुकान आहे. दुकानदाराला सगळे ‘ओढूनपाहा काका’ म्हणतात. कुलूप लावल्यावर काका ते दोनदा ओढून पाहतात, चार पावलं जातात आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढतात. माणूस सज्जन, हात सोन्यासारखा; पण त्यांच्याबरोबर बाहेर निघायचं तर वेळ हाताशी ठेवून निघावं लागतं.

बसवलेल्या प्रत्येक कुलपाच्या किल्लीची मापं ते टिपून ठेवतात. किल्ली हरवली, तर त्या आकड्यांवरून नवी कापता येते. पूर्वी ही मापं वहीत असत. एकदा एक गिऱ्हाईक गल्ल्यावरून वाकून ती वही वाचताना दिसलं आणि काकांची झोप उडाली. मग सुनेचा जुना लॅपटॉप आला. त्यात एक अँटिव्हायरस होताच. काकांनी आणखी एक घातला. दाराला दोन कड्या असतात, मग याला का नकोत, हा त्यांचा हिशेब.

तेव्हापासून लॅपटॉप चालेना. एक फाइल उघडायला चहा करून पिण्याइतका वेळ. दुकान सांभाळणाऱ्या काकू तीन महिने सांगत होत्या, की यातला एक काढा. काका म्हणायचे, बघू.

परवा सकाळी सव्वादहाला शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई धापा टाकत दुकानात आल्या. मी तिथेच छत्रीची मूठ बसवून घेत होतो. अकराला वार्षिक परीक्षा, प्रश्नपत्रिका लोखंडी कपाटात, आणि किल्ली सापडत नव्हती. दुसरी किल्ली कुठे आहे, असं काकूंनी विचारलं. बाई खाली बघत म्हणाल्या, की ती सुरक्षित राहावी म्हणून कपाटातच ठेवली होती. कपाट फोडायला तास-दीड तास लागला असता. काकांनी बसवलेलं कुलूप होतं ते.

काकांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर पट्टी आली: तपासणी चालू, चार टक्के. फाइलवर टिचकी मारली, तर दुसऱ्या अँटिव्हायरसचीही पट्टी आली. दहा मिनिटांत पहिली नऊवर पोचली. बाई घड्याळाकडे आणि काकू काकांकडे बघत होत्या. त्यातली काकूंची नजर जास्त जड होती. काकांनी लॅपटॉपला चार शब्द सुनावले. आमच्यादेखत ते एरवी असं बोलत नाहीत.

“अहो, काढा एक,” काकू म्हणाल्या.

“आणि मापं कुणी पळवली तर? अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या आहेत यात.”

“दारावर दोन कुलपं चालतात, कारण कुलूप कुलपाच्या वाटेला जात नाही. ही दोघं एकमेकांचीच झडती घेत बसलीत. चोर आला तरी यांना कळायचं नाही. आणि मापं बघायला इंटरनेट कशाला लागतं? ते आधी बंद करा.”

कुलपाच्या भाषेत सांगितलेलं त्यांना पटतं. त्यांनी इंटरनेट तोडलं आणि नंतर घातलेला अँटिव्हायरस काढायला घेतला. त्यानं नक्की काढू का, असं विचारलं. पुन्हा विचारलं. मग जाण्याचं कारण विचारलं.

“स्वभाव तुमच्यावरच गेलाय,” काकू पुटपुटल्या.

रीस्टार्टला सहा मिनिटं गेली. मग मात्र फाइल पटकन उघडली. काकांनी आकडे वाचले, कोरी किल्ली यंत्रात धरली, खाचा पाडल्या आणि कानशीनं कडा साफ केल्या. अकराला दहा कमी असताना काका आणि बाई शाळेकडे जवळजवळ धावतच निघाले. बाई नंतर मला म्हणाल्या, की किल्ली पहिल्याच प्रयत्नात फिरली आणि घंटा वेळेवर झाली.

काका परतले ते घामाघूम आणि चिडलेले. काकूंनी तोवर उरलेल्या अँटिव्हायरसला तपासणीची वेळ नेमून दिली होती: दुपारी एक ते तीन, दुकान बंद असतं तेव्हा.

“इतकं सोपं होतं, तर तीन महिने सांगितलं का नाहीस?” काकांनी विचारलं.

एक वाजायला अजून बराच अवकाश होता, तरी काकूंनी उठून छत्री माझ्या हातात दिली आणि मी बाहेर पडताच शटर खाली ओढलं.