बारा टाचण्यांचा अर्ज

अभिलेखागारात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. काम एकच: जुन्या कागदांच्या गंजलेल्या टाचण्या अलगद काढायच्या आणि त्या जागी सुती फीत बांधायची. वाचायचं नाही. "वाचत बसलात तर सात जन्म पुरायचे नाहीत," असं साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि तेवीस वर्षं तिनं ते पाळलं. डोळ्यांवर पट्टी बांधली नव्हती एवढंच.

मग एका माजी राज्यपालांचे कागद आले. तीनशे अकरा खोकी! डावीकडे राजकीय, उजवीकडे खासगी. एका माणसामागे एवढं उरतं, हे पाहूनच तिची छाती दडपली. पण खोक्यांवरचं नाव तिनं दोनदा वाचलं. याच राज्यपालांना तिच्या आईनं अर्ज केला होता. संपात झालेल्या दंगलीबद्दल वडिलांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती, ती थोडी कमी करा, एवढंच मागणं. उत्तर एका ओळीचं आलं: विनंती मान्य करता येत नाही. वडिलांनी दहाही वर्षं भोगली.

आई चौथी शिकलेली. अर्ज तिनं हट्टानं स्वतःच्या हातानं लिहिला होता. "टाइप करून दिला असतास तर कुणी वाचला तरी असता," असं आत्या बोलून गेली. बोलणारी बोलून मोकळी झाली, पण आईनं पेन टाकलं ते कायमचं. तेव्हापासून सहीच्या जागी अंगठा.

नकारांच्या फायलींत अर्ज नव्हता. सात महिन्यांनी तो सापडला उजवीकडे, राज्यपालांच्या मुलीच्या पत्रांमध्ये. शिरोरेषा न दिलेलं आईचं अक्षर तिनं लांबूनच ओळखलं.

"साहेब, हा माझ्या आईचा कागद आहे."

साहेबांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "आज वाचा."

पण वाचण्याआधी तिला दिसली ती भोकं. तिचा धंदाच तो. अर्ज आणि नकाराची प्रत एकत्र टाचलेली होती, आणि वरच्या कोपऱ्यात टाचणीच्या भोकांच्या बारा जोड्या होत्या. कुणीतरी अर्ज पुन्हा पुन्हा सोडवून वाचला होता, पुन्हा टाचला होता. प्रत्येक जोडीशेजारी पेन्सिलीनं बारीक तारीख, आणि ते अक्षर राज्यपालांचं. शेवटची तारीख त्यांचं पद सुटल्यानंतर दोन वर्षांची. नकार देऊन माणूस मोकळा झालाच नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाच्या टेबलावर आपली आई बारा वेळा जाऊन आली!

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं.

"बारा वेळा वाचून नाहीच म्हणाले?"

"नाहीच."

"पण अक्षर लागलं त्यांना," आई म्हणाली. "म्हणजे माझ्या अक्षरापायी तुझे वडील आत राहिले नाहीत."

दुसऱ्या दिवशी आई कागद बघायला आली. वाचनकक्षाच्या वहीत नाव लिहावं लागतं. कारकुनानं तिचं वय पाहून शाईचा पॅड पुढे सरकवला. आईनं तो बाजूला सारला, त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सावकाश, शिरोरेषा न देता, पूर्ण नाव लिहिलं. मग वही त्याच्याकडे फिरवून विचारलं, "लागतंय ना?"