टीव्हीवरचं चूर्ण आणि मोठ्या मायचा पाय

दुपारपासून लिहितो लिहितो म्हणत रील पाहत बसलो. लिहायची भीती वाटत होती.

आज सकाळी हिवरखेडला मोठ्या मायकडे, म्हणजे माझ्या काकूकडे गेलो होतो. तिच्या पायाची जखम काळी पडलीय. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून ती टीव्हीवरून मागवलेलं चूर्ण खातेय.

"मोठी माय, ते जाहिरात हाय."

"जाहिरात मिनिटभर रायते. हे अर्धा घंटा चालते. टेबल, दोन खुर्च्या, तज्ज्ञ माणूस. शेतीचा असाच कार्यक्रम पाहून आमी कपाशी वाचवली. तू कावून शिकवून राहिला मले?"

परतताना बसमध्ये मोबाइलवर शोधलं. अमेरिकेत टीव्हीच्या जाहिरातींवरची वेळेची मर्यादा उठली, तसे कंपन्यांनी सलग अर्धा-अर्धा तास विकत घेतले आणि जाहिरात कार्यक्रमासारखी सजवली. आपल्याकडे केबलवर आधी हिंदीत डब केलेले गोरे आले. त्यांचे ओठ एकीकडे, आवाज भलतीकडे. ते पाहण्यात माझं अर्धं बालपण गेलं. असो.

म्हणजे ते टेबल मांडतातच माणूस फसावा म्हणून. हे सगळं मोठ्या मायला व्हॉइस मेसेजवर सांगितलं. पाय कापावा लागेल, हेही म्हटलं. तिनं ऐकल्याची निळी खूण दिसतेय.

तुमच्या घरी असं कोणी औषध सोडलं होतं का? कसं समजावलंत?

थांबा, अकोल्यातल्या माझ्या खोलीच्या दारात मोठी माय उभी आहे. एकटी, लंगडत आलीय.

"चाल दवाखान्यात. त्या टीव्हीवाल्याले फोन करून सांगतलं, पाय काळा पडला. थो म्हणे, दुसरा डबा घ्या."