सूनबाई आणि गल्लीतलं सरकारी पाळणाघर

सुनेबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. पण दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

ती सरकारी कचेरीत फरशा पुसते. मुलगा गेल्यावर घर तिनेच सावरलं. सकाळी कामावर जाताना नातीला ती आमच्या गल्लीतल्या सरकारी पाळणाघरात सोडते. दूध, जेवण, झोप सगळं तिथेच. माझे हात थरथरतात, रांगत्या मुलीमागे धावणं जमत नाही. पाळणाघर नसेल तर सुनेची नोकरी नाही.

एकदा कळलं, सुनेच्याच कचेरीतले साहेब पाळणाघराच्या तपासणीला येणार. बायकांनी पोरांना घासूनपुसून काढलं, धुवट फ्रॉक, उसने बूट. कल्पना माझीच होती. साहेबांनी पोरं पाहिली आणि लिहून टाकलं : इथे गरजू मुलं नाहीत, पाळणाघर बंद करावं.

मी मान खाली घालून बसलो. "अर्ज करू या का गं?"

"अर्ज मी रोजच झाडते, बाबा. टेबलाखालून."

दुसऱ्या दिवशी ती नातीला काखोटीला मारूनच कचेरीत गेली. गल्लीतल्या आणखी आठ जणी तिथेच कामाला. त्यांनीही पोरं नेली. पिशव्या धरायला मी. बादल्यांभोवती पोरं रांगू लागली. साहेब दारातच थबकले.

"हे काय चाललंय?"

"काम चाललंय, साहेब. तुम्ही पोरांची सोय बंद केलीत, आम्ही काम बंद केलेलं नाही."

"ही मुलं तर चांगल्या घरची दिसतात!"

"आहेतच चांगल्या घरची. पगार तेवढा चांगला नाही. मळकी हवी असतील तर फरशी पुसणं थांबवते, तासाभरात होतील."

मागे कारकून फिसकन हसला.

"नोकरी जाईल तुझी."

"पाळणाघर गेलं की जाणारच आहे. मग आजच घ्या."

मी तिला आवरायला निघालो होतो. पण दोन्ही हातांत पिशव्या होत्या, बरंच झालं.

साहेबांनी शेवटी कागद ओढला. पुन्हा तपासणी होईल, तोवर पाळणाघर कृपापूर्वक चालू ठेवावं, असं लिहून तिच्यापुढे सरकवला. तिने बोट ठेवून वाचला आणि परत केला.

"कृपापूर्वक खोडा. सरकारचं पाळणाघर आहे, आणि सरकार आमचंही आहे."

साहेबांनी खोडलं. मग तिने सही करून घेतली.