घरच्या चुलीवर न शिजलेले सांडगे

पावसानं पाठ फिरवली त्या वर्षी उदगीरची आमची डाळमिल बंद पडली. तूरच नव्हती, तर भरडणार काय? लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. पेठेतले लोक म्हणायचे, जिल्हा नवा मिळाला, त्याच्याबरोबर आभाळही नवं मागून घ्यायला पाहिजे होतं. मी या घरात सून म्हणून नवीनच आले होते. माझं माहेर नांदेडचं. वडील रेल्वेत, आणि लहानपण क्वार्टरमध्ये गेलेलं. तिथे कोणाच्या घरून कोणती वाटी आली हे वाटी परत करायच्या वेळीच आठवायचं. उदगीरला आल्यावर कळलं की वाटीलाही घराणं असतं.

आमचं घर लिंगायत, व्यापारी. दारात आलेल्याला जेवू घालायचं, त्याला आमच्यात दासोह म्हणतात. दुष्काळात सासूबाईंनी मिलच्या अंगणात दासोह सुरू केला. भाकरी आणि हुलग्याचं पातळ माडगं. सगळे त्यांना अव्वा म्हणत. अव्वांचा हात सढळ होता, हे मी सून असूनही सांगते. पंगतीला कोणीही बसावं, त्यांनी कधी जात विचारली नाही. आमच्या घरचं अन्न सगळ्यांना चालायचं. उलटं मात्र चालत नसे, पण ते कोणी बोलून दाखवत नसे.

त्या पंगतीत एक बाई बसायला तयार होईना. मिल चालू असताना ती आमच्याकडे डाळ पाखडायला यायची. वेशीबाहेरच्या वस्तीतली, उंच, आवाज खणखणीत. बायका तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. अक्का दाराशी उभ्या राहून सासूबाईंना म्हणाल्या, "अव्वा, तुम्हीच म्हणता, कामाबिगर जेवू न्हाई. मग आमाला काम द्या. आम्ही काय भीक मागायलो का?"

सासूबाई तसं रोज म्हणायच्या खऱ्या. काम हीच पूजा, हे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ. स्वतःचंच बोलणं असं दारात येऊन उभं राहील हे मात्र त्यांच्या ध्यानात नव्हतं.

काम तरी कुठलं द्यायचं? गोदामात मागल्या हंगामाची डाळीची कणी पडून होती, जनावरांना घालायची. ती बघून अक्का म्हणाल्या, सांडगे घालू. डाळ भिजवायची, वाटायची, मिरची-लसूण-जिरं घालून बोटांनी लहान लहान गोळे कापडावर टाकायचे आणि उन्हात वाळवायचे. दुष्काळात सगळ्याचा तुटवडा होता, ऊन तेवढं भरपूर होतं. सासऱ्यांनी होकारार्थी मान हलवली. चार वस्त्यांतल्या बाया मिलच्या अंगणात पाटे-वरवंटे घेऊन बसल्या. टँकर आला की त्या आपल्या घागरी भरायच्या आणि त्यातलंच पाणी डाळीला वापरायच्या.

इथेच गोम होती. कोरडी डाळ कोणीही पाखडली तरी आमच्यात चालत असे. डाळीला पाणी लागलं की ते पाणी कोणाच्या घागरीचं, हा प्रश्न यायचा. डाळ पाखडणारा हात चांगला आणि तोच हात ओला झाला की वाईट, हे शास्त्र मला आजतागायत उमगलेलं नाही. सासूबाईंनी त्यावर भांडण केलं नाही. त्यांनी मला गच्चीवर घरापुरते वेगळे सांडगे घालायला सांगितले, आमच्या पाण्यात भिजवलेल्या डाळीचे. मी घातले. ते बेचव झाले. खालच्या अंगणातले मी येता-जाता कच्चेच तोंडात टाकायचे आणि ते फार चांगले होते.

अंगणातले सांडगे लातूरला विकले जायचे. नव्या जिल्ह्याबरोबर तिथे कचेऱ्या आल्या, साहेबांची क्वार्टर्स आली. कुठून कुठून बदली होऊन आलेल्या साहेबांच्या बायकांना वस्तीची चौकशी करायला वेळ नव्हता. त्या चव बघायच्या आणि घ्यायच्या. अक्का डबे घेऊन एसटीनं जायच्या आणि संध्याकाळी रिकामे डबे घेऊन परत यायच्या. पण अर्धी कमाई तिकिटातच जाई. उदगीरच्या पेठेत मात्र एकाही दुकानदारानं माल ठेवला नाही. नाही म्हणायची त्यांची रीत गोड होती. "मिलवाल्या अव्वांच्या घरी शिजतात का? मग घेऊ की."

पुढे पाऊस झाला. शेतात तूर उभी राहिली. मिल सुरू होणार म्हणून आमच्या घरात आनंद होता आणि अंगणात काळजी. मिलचं काम वर्षातून थोडेच महिने चालायचं, बाकी वेळ हात रिकामे. सांडग्यांचा धंदा मात्र बायांचा स्वतःचा होता. तो गावात चालला तर टिकणार, नाहीतर अंगण मिलला परत जाणार आणि बाया रोजंदारीला. हे अक्कांना नीट कळत होतं, आणि त्याची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात आहे हेही.

अशात लातूरहून सासूबाईंना सत्काराचं आमंत्रण आलं. दुष्काळात ज्यांनी समाजासाठी काम केलं त्यांचा जिल्हा गौरव करणार होता. सासूबाईंनी इरकलीची घडी मोडली. मला बरोबर घेतलं आणि अक्कांनाही. सभागृहात शाली आणि नारळ टेबलावर मांडलेले होते. एक मोठे साहेब बराच वेळ बोलले. विकास शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, असं ते म्हणाले. शेवटच्या रांगेत अक्का बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं काही नाही हो, सगळं बायांनी केलं." लोक कौतुकानं हसले. खरं बोललं की लोकांना तो विनय वाटतो.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी, सासूबाई मधे, अक्का कडेला. नळेगाव मागे पडल्यावर अक्का म्हणाल्या, "अव्वा, शाल लई शोभली. आता एक मागते."

"माग की."

"आमचे सांडगे एक डाव तुमच्या चुलीवर शिजवा. वास पेठेत जाऊ द्या. तुम्ही दोन घास खाल्ले म्हणून कळू द्या. मग दुकानदाराला बोलायला तोंड उरणार न्हाई."

सासूबाई बराच वेळ मांडीवरचा नारळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "दासोह घालू. सगळ्यांना बोलावू. त्याचीच भाजी करू." अक्कांनी त्यांच्या पायाला हात लावला. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण सुनेनं एसटीत रडणं बरं दिसलं नसतं.

वार सासूबाईंनीच ठरवला. अंगणात चुली पेटल्या. सांडगे तेलात परतले तेव्हा त्यांचा वास खरोखरच पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेला. दुकानदार आले, त्यांच्या बायका आल्या. अव्वा स्वतः पदर खोचून वाढत होत्या म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सासरे जेवले, मी जेवले, पेठ जेवली. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं तिसऱ्यांदा भाजी मागून घेतली आणि वर मीठ कमी असल्याचं सांगितलं. शेवटी बायांची पंगत उठली तेव्हा अक्कांनी एक ताट वाढलं आणि सासूबाईंसमोर धरलं.

"आता तुम्ही बसा, अव्वा."

"आज माझा सोमवार," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारच होता. शंकराचा वार, त्यांचा वर्षानुवर्षांचा उपास. आम्हा कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. अक्कांनी ताट मागे घेतलं. मग तिथेच खाली बसून स्वतः जेवल्या, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. मला सासूबाईंचा राग आला आणि त्यांची कीवही आली. एवढ्या पंगती उठवलेली ही बाई एका घासाला इतकी भ्यायली होती.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या दोन दुकानांतून मागणी आली. वास पोचला होता, वाढणारा हात सगळ्यांनी पाहिला होता आणि वाढणारीच्या ताटाची चौकशी करायचं कोणाला सुचलं नाही. अक्का माल घेऊन निघाल्या, तशा वाटेत आमच्या दारात थांबल्या. सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. अक्कांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि सांडग्यांची एक पुडी त्यांच्यापुढे ठेवली.

"अव्वा, आज कुठला वार?"

"मंगळवार," सासूबाई म्हणाल्या. मग वातीकडे बघत पुढे म्हणाल्या, "देवीचा."

अक्का हसल्या. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"तुमच्यात एकच शिव म्हणता न्हवं, अव्वा?" त्या म्हणाल्या. "अन् वार तेवढे सगळ्या देवांचे पाळता."

त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि पेठेकडे गेल्या. सासूबाईंनी वाती वळणं थांबवलं नाही. पुडी दिवे लागेपर्यंत ओसरीवर तशीच होती, आणि ती आत न्यायला त्यांनी मला सांगितलं नाही.