शेवटच्या खुर्चीपुढचा माइक

आमच्या दूध संघाच्या सभागृहासाठी माइक आणि स्पीकर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी रजेवर असताना. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि बाकीच्यांनी सुटल्यासारख्या माना डोलावल्या. मी कार्यालय अधीक्षक. खुर्च्यांच्या कव्हरांपासून चहाच्या कपांपर्यंत सगळं माझ्याकडंच, मग आवाज तरी का सुटावा?

तोवर सभेत एकच कॉर्डलेस माइक होता. तो अध्यक्षांपासून निघायचा आणि हातोहात पुढं जायचा. अध्यक्षांचा दंडक असा, की माइकवर बोललेलंच इतिवृत्तात येणार. कुणी नुसतं बोलायला लागलं की ते म्हणायचे, माइकवर बोला, आणि बोलणाऱ्याचं निम्मं अवसान तिथंच गळायचं. आता संचालकांना दोन कॉर्डलेस आणि भिंतीएवढे स्पीकर हवे होते. आवाज घुमला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सभा घ्यायची आहे की वरात काढायची आहे, हे मी विचारलं नाही, पण ओठांवर आलं होतं.

काही घ्यायच्या आधी वापरणाऱ्याकडं बघत बसायची मला खोड आहे. पुढच्या सभेला मी दाराजवळ बसून फक्त माइकवर नजर ठेवली. सोयगाव तालुक्याच्या दोन खुर्च्या पार टोकाला, कूलरपाशी. एकीवर एक जुने संचालक आणि शेवटच्या खुर्चीवर त्यांच्या धाकट्या भावाची बायको. महिलांच्या राखीव जागेवर घरातलंच माणूस असावं म्हणून तिला उभं केलेलं. माइक या तिच्या भासऱ्यांपर्यंत, म्हणजे थोरल्या दिरांपर्यंत आला, ते बोलले, आणि मान न वळवता त्यांनी तो बाजूला धरला. तिनं पदर पुढं ओढला, हात मात्र मांडीवरच ठेवले. माइक आला तसा परत गेला. या बाईंना काही बोलायचंच नसतं, असं सगळे धरून चालले होते.

सभेनंतर मी तिला माझ्या खोलीत चहाला बोलावलं. कळलं ते असं, की तिच्या गावातलं दूध संकलन केंद्र बंद करायचा ठराव पुढच्या सभेत यायचा होता. एकदोन म्हशींवर संसार चालवणाऱ्या गावातल्या बायकांना मग दुधाच्या किटल्या घेऊन थेट डांबरी रस्त्यापर्यंत चालावं लागणार होतं.

"मला त्यावर बोलायचंय, मॅडम," ती म्हणाली. "पण माइक भासऱ्यांच्या हातातून येतो. त्यांच्या हातून कधी पाण्याचा तांब्या घेतला नाय मी. माइक कसा घेऊ?"

मी म्हटलं, खुर्ची बदल. ती हसली. खुर्ची बदलली तर संध्याकाळच्या आत सोयगावात बोभाटा व्हायचा, की घर फुटलं. बरं, माइक मिळाला तरी भासऱ्यांसमोर बोलशील का, असं मी विचारलं.

"त्यांच्याशी कुठं बोलायचंय? मी सभेशी बोलणार."

माझं तिथंच ठरलं. प्रत्येक खुर्चीपुढं टेबलात पक्का बसवलेला माइक, आणि तो चालू करायला ज्याचं त्याचं बटण. कुणाच्या हातातून काही घ्यायला नको. दुसरं काही मी या सभागृहात येऊ देणार नव्हते.

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. प्रत्येकाला माइक दिला तर प्रत्येकजण बोलेल, म्हणाले. मी म्हटलं, बोलायलाच तर बोलावतो आपण त्यांना. ते काही त्यांना रुचलं नाही. मग मी पैठण गेटच्या दुकानदाराच्या मागं लागले आणि दोन्ही प्रकारचं सामान सभागृहात आणून लावायला लावलं. "मॅडम, इत्ते से कमरे में बड़े वाले सीटी मारते," असं तो आधीच सांगत होता. झालंही तसंच. मोठ्या स्पीकरांनी अशी शिट्टी घातली की चहा घेऊन आलेला शिपाई दारातूनच मागं फिरला. नंतर टेबलावरचे माइक लावले आणि मी अध्यक्षांना कूलरपाशी, शेवटच्या खुर्चीवर बसवलं. शब्द न् शब्द ऐकू आला. तरी ते हो म्हणेनात. शेवटी दुकानदारानं त्यांच्या जागेवरच्या माइकचं एक जादा बटण दाखवलं. ते दाबून धरलं की बाकी सगळ्यांचे माइक बंद. अध्यक्षांचा चेहरा खुलला. त्यांनी ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि खरेदीला मंजुरी दिली. मी जिंकले होते, पण घरी मुकुंदवाडीला जाताना रिक्षात मला ते बटणच डोळ्यांपुढं दिसत होतं.

ठरावाची सभा आली. भासरे ठरावाच्या बाजूनं बोलले आणि त्यांच्या माइकचा लाल दिवा विझला. लगेच शेजारचा लागला. ती टेबलाकडं बघत बोलत होती. कोणत्या बाईच्या घरी किती दुभतं आहे, ओढ्याला पाणी आलं की रस्ता कुठं अडतो, सकाळचं दूध तोवर कसं नासेल, हे ती एकेक सांगत गेली. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं आणि त्यांचा अंगठा बटणावर गेला. तिचा दिवा विझला. ओठ हलत राहिले, ऐकू काही येईना. मला स्वतःचाच संताप आला, कारण या बटणाच्या जोरावरच मी माइक पदरात पाडून घेतले होते.

सगळेच माइक बंद होते. भासरे तसेच, उघड्या आवाजात बोलले. भावजयीकडं त्यांनी पाहिलं नाही.

"बोलू द्या तिला, साहेब. एका घरात राहतो आम्ही, पण तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

अध्यक्षांनी अंगठा उचलला. शेवटच्या खुर्चीपुढं लाल दिवा लागला, आणि जिथं तोडलं होतं तिथूनच तिनं पुढं सुरू केलं.